गाभण गाईला कॅल्शियम पाजलं, तरी ती व्यायल्यावर बसली

आमची कपिला तिसऱ्या वेताला व्यायली आणि त्याच रात्री बसली. मान कुशीवर टाकलेली, कान बर्फासारखे गार. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडलं, तेव्हा तासाभरात उठली. नाव दुग्धज्वर, पण ताप नसतो. अंग उलट थंड पडतं.

मी विचारलं, "डॉक्टर, दूध आटवल्यापासून रोज कॅल्शियम पाजलं, लसूणघास पोटभर दिला, मग कमी कसं पडलं?"

"म्हणूनच पडलं, दादा."

चाऱ्यातून भरपूर मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम काढायची यंत्रणा सुस्तावते. गाईच्या रक्तात ते जेमतेम ३ ग्रॅम असतं आणि चिकाच्या दर लिटरमागे सुमारे २ ग्रॅम जातं. सुस्त शरीराला एवढी ओढ भागवायला दोन-तीन दिवस लागतात. घासातलं पोटॅशियमही यात आडवं येतं.

पुढच्या वेताला शेवटचे २१ दिवस लसूणघास आणि कॅल्शियमची बाटली दोन्ही बंद. ज्वारीचा कडबा, मक्याची वैरण, डॉक्टरांनी दिलेलं गाभण गाईंचं वेगळं क्षार मिश्रण. कॅल्शियम व्यायल्याबरोबर सुरू केलं. त्या रात्री मी गोठ्यातच झोपलो. पहाटे कपिला उभी राहून वासराला चाटत होती.