डिग्री-डे फॅरेनहाइटमधून सेल्सियसमध्ये आणताना ते 32 वजा करू नका

वॉशिंग्टन राज्यात याकिमाकडे सफरचंदाच्या बागेत पहिला सीझन करायला येताय तर हे वाचाच. डिग्री-डे म्हणजे 10 सेल्सियसच्या वर साठत गेलेली ऊब, कीड किती वाढली ते त्यावरून कळतं. बेसिक तुम्हाला येतंच, दिवसाच्या कमाल-किमानची सरासरी, त्यातून 10 वजा, रोज बेरीज. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) कॉडलिंग मॉथचे, म्हणजे जिची अळी सफरचंद पोखरते त्या किडीचे, पतंग सलग पडायला लागले की तो दिवस बायोफिक्स, तिथून मोजायचं. इकडे सगळे आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात, 250 डिग्री-डेच्या आसपास अंडी फुटायला लागतात, पहिली फवारणी तेव्हा.

मी नेमकी इथेच अडकले. माझी वही सेल्सियसमध्ये, मग 250 मधून 32 वजा केले, 1.8 ने भागलं, आले 121. साफ चूक! 32 वजा करायचे ते तापमानातून, 50 फॅरेनहाइट म्हणजे 10 सेल्सियस हे तसं निघतं. डिग्री-डे म्हणजे तापमान नाही हो, 10 च्या वर किती ऊब साठली त्याची बेरीज, म्हणजे नुसता फरक, आणि फरकातून 32 परत कशाला काढायचे? फक्त 1.8 ने भागा, 139 येतात. कमाल 24, किमान 8 असा दिवस असेल तर 6 जमतात, म्हणजे 18 ची चूक म्हणजे फवारणी तीन दिवस आधी, आणि पुढची फवारणीपण मी तीच तारीख धरून लावली, तिचा असर लवकर संपला, उशिरा फुटलेल्या अळ्या सुटल्या. अळी बाहेर आली की काही तासांत फळात घुसते, मग वरून काय वाट्टेल ते मारा. जूनमध्ये एक फळ कापलं, थेट बियांपर्यंत बोगदा, लालसर भुशासारखी विष्ठा आणि आत गुलाबीसर अळी. रडू आलं होतं.

शेजाऱ्याने फवारणीचा पंप काढला म्हणून आपण काढायचा, हे तर करूच नका. ॲपवर तारीख मिळते, चांगली मिळते, पण पहिला सीझन वहीत हाताने मोजा असंच माझं मत आहे, आणि जे सिनियर "ॲप आहे ना, मोजायचं कशाला" म्हणतात त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे नको. वहीत प्रत्येक कॉलमवर एफ की सी ते लिहा.

चुकलात तरी घाबरू नका, लगेच बागमालकाला सांगा, सापळे बघत राहा. दुसऱ्या पिढीची अंडी साधारण 1250 ला फुटायला लागतात, आपल्या सेल्सियसमध्ये 694. मी ते तीनदा भागून पाहिलं आणि ती फवारणी वेळेवर पडली.