पाम बीचवर रात्री सायकल काढताना

जेवून लगेच नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सायकल काढली, तर पेडल मारताना मळमळतं. संध्याकाळी 7 ला भाकरी-भाजी खा, 9 ला निघा. परतल्यावर वाटीभर मुगाची खिचडी पुरते. मागचा लाल दिवा आपल्याला दिसत नसतो, त्यामुळे त्याचं चार्जिंग वाटेत संपलं तरी कळत नाही, आणि मागून येणाऱ्या गाडीचा धोका मोठा असतो. म्हणून दोन्ही दिवे सकाळीच चार्जिंगला लावा, मग हेल्मेटमध्ये ठेवा, म्हणजे विसरणार नाहीत. पुढचा दिवा किंचित खाली झुकवा. उजेड 8-10 मीटरवर पडला की खड्डा वेळेत दिसतो, समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. रिफ्लेक्टिव्ह पट्टी घोट्यांना जरूर बांधा. वरखाली हलणारी चमक पाहून हा सायकलवाला आहे हे गाडीवाल्याला लांबूनच कळतं.