म्हैस बघतो तसा शेअर बघा, पार्टनर पण

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यासमोर धार काढलेलं दूध मिळतं, आणि तिथं ग्लास हातात घेऊन उभं राहिलं की मला दरवेळी वाटतं, म्हैस घेताना आपला माणूस एवढा चौकस, मग शेअर घेताना आणि धंद्यात पार्टनर धरताना इतका भोळा कसा होतो? बाजारात एक जुनी चलाखी चालते, विकणारा आधीच्या एक-दोन वेळची धार काढतच नाही, कास तटतटून भरलेली दिसते. जाणता गडी म्हणतो, दोन-तीन वेळा माझ्यासमोर पिळ, मग किमतीचं बोलू.

आधी शेअरचं सांगतो. एका वर्षाचा नफा म्हणजे एका वेळची धार, तेवढ्यावर जाऊ नका. बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर ॲन्युअल रिपोर्ट फुकट मिळतात, दहा वर्षांचे काढा आणि त्यात मंदीचं वर्ष कसं गेलं ते पहिलं बघा. मग पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी-शेजारी लिहा. नफा 50 कोटी आणि रोकड 15 कोटी, तर बाकीचं कुठंय? बहुतेक उधारीत नाहीतर गोडाऊनमध्ये. धंदा वाढतोय म्हणूनही असं होतं, पण कारण सापडेपर्यंत पैसे घालायचे नाहीत. रोकडीवरही डोळे झाकून विश्वास नको हां, सत्यम या आयटी कंपनीत 2009 साली बँकेतले 5,000 कोटींच्या वरचे पैसे कागदावरचेच निघाले. म्हणून कंपनी एवढी रोकड दाखवते तर त्यावर व्याज किती आलं तेही बघा. प्रमोटरनं, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकानं, शेअर गहाण टाकलेत का, पाहुण्यारावळ्यांच्या कंपन्यांना माल आणि पैसा जातोय का, ऑडिटर मधेच सोडून गेला का, हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मग किंमत. अख्खी कंपनी आपणच घेतोय असं धरा. वर्षाला 10 कोटी कमावणारी कंपनी बाजारात 300 कोटीला, म्हणजे नफा आहे तेवढाच राहिला तर पैसे फिटायला 30 वर्षं! शेअर गुंतवणुकीचा जुना गुरू बेंजामिन ग्रॅहम, त्याचं म्हणणं साधं होतं, आपला अंदाज चुकणार हे धरूनच कमी किमतीत घ्या. मी 100 ची वस्तू 65-70 ला मिळाली तरच हात घालतो, नाहीतर गप्प बसतो, आणि हे गप्प बसणंच लई अवघड असतंय.

आता पार्टनर, इथं मी स्वतः भाजलोय. उद्यमनगरात आम्ही दोघांनी जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांची कामं करून देण्याचं, शॉप टाकलं होतं, माणूस गोड, कामाला वाघ, पण गिऱ्हाइकाचे रोख पैसे आले की ते त्याच्या खिशातल्या डायरीत जायचे आणि तिथनं वहीत यायला महिना लागायचा. मी विचारायला लाजलो, चूक माझीच.

म्हणून आता मी आधी एखादी ऑर्डर एकत्र करून बघतो, विशेषतः नुकसानीची, मालात रिजेक्शन आलं की माणूस फोन उचलतो की नाही त्यावर बरंच कळतं. त्याच्याकडं काम केलेल्या जुन्या कामगाराला आणि कच्चा माल देणाऱ्याला भेटा, गिऱ्हाइकाला नको, गिऱ्हाइकाशी सगळेच गोड बोलतात.

पटलं तर कागद करा. 1932 च्या भागीदारी कायद्यात, वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, कुणी कितीही पैसे घातले असोत. फर्मच्या देण्यापायी तुमचं घरसुद्धा अडकू शकतं, ते नको असेल तर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार करा, 2008 च्या कायद्यानं ती सोय झाली. साधी फर्म असेल तर नोंदणी टाळू नका, नाहीतर थकलेल्या बिलासाठी कोर्टात जाताना अडता.

डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, बाहेर पडायचं कलम सगळ्यात आधी लिहा, मशीन कुणाला, उधारी कोण वसूल करणार, किंमत कोण ठरवणार. त्यावर समोरचा "आपल्यात कशाला असलं काय" म्हणाला, तर पेन परत खिशात ठेवा.