श्रीलंकेचे बीच बॅगपॅक घेऊन फिरणाऱ्या जोडप्यांनो, या चुका टाळा

दर एप्रिलला मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "ताई, जूनमध्ये श्रीलंका करतोय, दोघंच, बॅगपॅकिंग. गॉल, उनावटुना, मिरिसा. तिकीट जाम स्वस्त मिळालंय! काही टिप्स?" टिप एकच आहे बाई, तिकीट स्वस्त का मिळालं ते बुकिंगच्या आधी विचारायचं होतंस.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून एवढ्या तावातावाने सांगतेय. आपल्याकडे जो नैऋत्य मान्सून कोकण धुऊन काढतो तोच साधारण मे ते सप्टेंबर श्रीलंकेचा दक्षिण आणि पश्चिम किनारा झोडपतो, आणि तुमच्या फोटोंमधले सगळे फेमस बीच नेमके त्याच बाजूला आहेत. पण बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, त्यातलं सगळ्यात उंच शिखर पिदुरुतलागला २५२४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. ढग तिथे अडकतात आणि पलीकडे पूर्व किनाऱ्यावर त्याच दिवसांत कडक ऊन असतं. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला धूळ, तसंच. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सगळं उलटं होतं, ईशान्य मान्सून पूर्वेला पाऊस पाडतो आणि मिरिसा मस्त चमकत असतं. शाळेत भूगोलात शिकलेलो असतो सगळे, तिकीट बुक करताना मात्र कुणालाच आठवत नाही.

तर आम्ही पहिल्यांदा गेलो ते जूनमध्ये. मिरिसाला उतरलो तर समुद्र चहाच्या रंगाचा, किनाऱ्यावर लाल झेंडा आणि जे व्हेल बघायला आलो त्या बोटी बंद, कारण तिथला व्हेलचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. तीन दिवस खोलीत. पंख्याला दोरी बांधून त्यावर टॉवेल, टॉवेलखाली नवरा, आणि सगळ्याला तो ओल्या कुत्र्यासारखा वास. नवरा दर अर्ध्या तासाने वेदर ॲप उघडून "दुपारनंतर उघडेल" म्हणायचा, जणू काय त्याच्या हातात होतं. चौथ्या दिवशी गेस्टहाऊसवाली अक्का (सिंहलीत पण मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात) शांतपणे म्हणाली, पूर्वेला अरुगम बेला जा ना, तिथे ऊन आहे. हे तिने पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? आम्ही विचारलंच नव्हतं, आम्ही व्हिडिओ बघून आलो होतो.

मग मातारा, मोनरागला, पोट्टुविल असं बस बदलत बदलत अख्खा दिवस. हंबनटोटाच्या आसपास रस्ता कोरडा दिसायला लागला आणि संध्याकाळी अरुगम बेला उतरलो तेव्हा आकाश एकदम स्वच्छ, लोक बोर्ड काखेत मारून समुद्राकडे चाललेले. तो सर्फिंगचा सीझनच, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. त्यामुळे माझा हट्ट आहे, मे ते सप्टेंबर जाताय तर पूर्व किनारा: त्रिंकोमाली, उप्पुवेली, निलावेली, अरुगम बे. डिसेंबर ते मार्च जाताय तर दक्षिण: हिक्काडुवा, उनावटुना, वेलिगामा, मिरिसा, तंगाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुठेही पाऊस पडू शकतो, नशिबावर सोडा. आणि "आठ दिवसांत दोन्ही किनारे गोल फिरून येतो" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही. बेट नकाशात कैरीएवढं दिसतं पण रस्ते वळणाचे आहेत, बस दर शंभर मीटरवर थांबते आणि तुमचे आठातले चार दिवस बसमध्ये जातील. एक बाजू धरा, तीन गावं करा, बास.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे सामान. बॅगपॅकिंग म्हणतात आणि आणतात ट्रॉली! चाकं वाळूत चालत नाहीत, हे सांगायला पण तज्ज्ञ लागतो का? आमच्या दुसऱ्या ट्रिपला सोबत एक ओळखीचं जोडपं होतं, नवीन लग्न झालेलं, दोन मोठ्या ट्रॉल्या, त्यातल्या एकीत हेअर ड्रायर. गॉल स्टँडवरून माताराच्या प्रायव्हेट बसमध्ये चढलो. त्या बसला डिकी वगैरे काही भानगड नसते, सामान ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या उंचवट्यावर टाकायचं नाहीतर मांडीवर घ्यायचं. एक ट्रॉली उंचवट्यावर उभी केली, दुसरीला जागाच नाही म्हणून ती सीटवर. कंडक्टर दाराला लटकून "माथर माथर माथर" ओरडत होता तो आत आला आणि ट्रॉलीचं पण तिकीट मागायला लागला, सीट अडवलीये म्हणून. आमचे साहेब भांडायला लागले, "बॅगचं तिकीट कसलं?" मी मनात म्हटलं दे ना बाबा, आपल्या पैशात तीस-चाळीस रुपये आहेत. तेवढ्यात ड्रायव्हरने एका टुकटुकसाठी कचकन ब्रेक मारला आणि उंचवट्यावरची ट्रॉली भरधाव थेट एका आज्जींच्या पायाशी. आज्जींना लागलं नाही, पण त्यांच्या पिशवीतली अंडी गेली. सगळी बस आमच्याकडे बघतेय, पिवळं बलक चाकांना लागलंय, आणि ही नवी नवरी नवऱ्याला मराठीत "तरी मी सांगत होते" सुरू. अंड्यांचे पैसे दिले, बॅगचं तिकीटही काढलं, आणि पुढचे दोन दिवस ते दोघं एकमेकांशी फक्त "पाणी दे" एवढंच बोलत होते.

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. माणशी एक बॅग, ४० लिटरच्या वर नाही, घरच्या वजनकाट्यावर सात किलोच्या आत. आतून कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी लावायची, शंभर डॉलरच्या रेनकव्हरपेक्षा भारी काम करते. पोहायचे कपडे दोन जोड, एक अंगावर, एक वाळत. एक लुंगी किंवा सरॉंग, जी टॉवेल पण होते, चादर पण होते आणि देवळात गुडघे झाकायला पण. बाकी सगळं तिथे मिळतं, तिथे पण माणसंच राहतात. आणि दोघांचं सामान एकाच मोठ्या बॅगेत घालू नका, "मी उचलतो गं" हे फक्त पहिल्या दिवशी असतं.

व्हेज लोकांनो, पोल सांबोल खाण्याआधी विचारा. ओल्या खोबऱ्याची लाल चटणी दिसते, आपल्या जिभेला लगेच पटते, आणि त्यात बऱ्याचदा उंबलकड असतं, म्हणजे लाकडासारखा कडक वाळवलेला टुना, कुटून घातलेला. माझा नवरा माळकरी घरातला, चार दिवस इंडिआप्पासोबत (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) वाट्याच्या वाट्या खात होता, "काय चव आहे यार, आपल्याकडे अशी का होत नाही". पाचव्या दिवशी मी दुसऱ्या एका गेस्टहाऊसच्या अक्काला कुटताना बघितलं. खलबत्त्यात तपकिरी ढलपे, अगदी सुताराच्या रंध्यातून पडतात तसे. म्हटलं अक्का, फिश? तर ती दुखावल्यासारखी म्हणाली, "नो नो, नो फिश! ओन्ली उंबलकड." आपल्याकडे "मासे नाही घातले हो, नुसता जवळा आहे" म्हणतात ना, तसंच. तेव्हा "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून भागत नाही. "मस् एपा, मालु एपा, उंबलकड एपा" पाठ करा, म्हणजे मटण-चिकन नको, मासा नको, उंबलकड नको. नवऱ्याला मी घरी आल्यावर सांगितलं. विमानात सांगणार होते पण धीर झाला नाही.

पाण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. अधीर पोरं बस मधून उतरतात, बॅग वाळूत फेकतात आणि धावत आत. आणि आत शिरायला जागा निवडतात ती नेमकी जिथे लाटा फुटत नाहीयेत, कारण तिथे पाणी शांत वाटतं. अरे, बाजूला लाटा फुटतायत आणि मध्येच एक गुळगुळीत पट्टा असेल तर बऱ्याचदा तिथूनच पाणी आत समुद्राकडे परत जात असतं, त्यालाच रिप करंट म्हणतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने जोर लावून पोहू नका, पट्टीचा पोहणारा पण दमतो आणि बुडतात ते दमूनच. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या आणि मग लाटांबरोबर परत. मी आधी दहा मिनिटं बसून बघते लोकल पोरं कुठून आत जातायत, मग तिथूनच जाते. अनोळखी बीचवर आमच्यातलं एक कायम बाहेर. रोमँटिक नाहीये, माहितीये. आणि अरॅक (तिथली नारळाची दारू) पिऊन पाण्यात जाणाऱ्याला मी बायकोच्या समोर झापलेलं आहे.

हिक्काडुवाजवळ पेरालियाला त्सुनामीचं स्मारक आहे, जमलं तर उतरून बघा. २६ डिसेंबर २००४ ला तिथेच लाटेने अख्खी पॅसेंजर ट्रेन उलटवली, हजाराहून जास्त माणसं गेली. रूळ समुद्रापासून किती जवळ आहेत ते तिथे उभं राहिल्यावर कळतं, आणि मग लाल झेंड्यावर वाद घालावासा वाटत नाही.

त्याच ट्रेनबद्दल: कोलंबो फोर्टहून गॉलला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, डावीकडे बसून मग माझ्याकडे रडू नका. शुक्रवारी संध्याकाळी जाऊ नका. दारात लटकून रील पण नको, आपण लोकलच्या दारात मोठे झालो म्हणून काय झालं.

आता भराभर. स्कूटर भाड्याने घेताना कुणी लायसन्स विचारणार नाही पण आपलं भारतीय लायसन्स तिथे तसंच्या तसं चालत नाही, आणि पडलात तर इन्शुरन्सवाले पहिला कागद तोच मागतात. भाव विचारताना दोन्हीकडे रुपयेच असतात हे लक्षात ठेवा, आपल्या एका रुपयाला त्यांचे तीन-साडेतीन, त्यामुळे टुकटुकवाल्याशी शंभरासाठी वीस मिनिटं घालणं म्हणजे एका वडापावासाठी सूर्यास्त घालवणं. कॅश आणि कार्ड दोघांच्यात वाटून ठेवा, आमचं एकदा सगळं एकाच पाऊचमध्ये होतं आणि तो पाऊच उनावटुनाला शहाळ्याच्या गाडीवर राहिला, मिळाला परत पण ते पाऊण तास मी विसरणार नाही. ईटीए (श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवास-परवाना) सरकारी साईटवरूनच काढा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच आहेत. स्नॉर्कलिंगला पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, कारण पाठ कुठे भाजतेय ते पाण्यात कळतच नाही, रात्री कळतं. बोटीची गोळी बोट सुटायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. कासवांना हात लावू नका, आणि रात्री रेकावाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या कासवावर टॉर्च मारणाऱ्यांचं काय करावं ते मी इथे लिहू शकत नाही. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी नाही म्हणजे नाही.

पौर्णिमा बघून जा. दर पौर्णिमेला तिथे पोया, सरकारी सुट्टी, दारूविक्री बंद, आणि बस-ट्रेनला ही गर्दी. आमचा लग्नाचा वाढदिवस नेमका पोयाला आला, नवऱ्याने ऐटीत वाईन मागितली, वेटर लाजून हसला आणि दोन थंबिली घेऊन आला, ती केशरी शहाळी. छान गेला वाढदिवस, खोटं कशाला बोलू.

आणि शेवटची रात्र मिरिसाला काढू नका. विमानतळ कोलंबोत नाहीये, कोलंबोच्याही उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे, म्हणजे दक्षिणेतून येताना कोलंबोच्याही पुढे जायचं. सकाळची फ्लाईट असेल तर आदल्या दिवशी दुपारी निघा आणि निगोंबोला झोपा, तिथून विमानतळ टुकटुकने पोचण्याएवढा जवळ आहे. टुकटुक मात्र रात्रीच ठरवून ठेवा, पहाटे चारला रस्त्यावर फक्त कुत्री असतात.