आधी बोला, मग लिहा : पूर्वतयारीच्या वर्गातला परिच्छेद

“बाई, बोलायला सांगा, दिवसभर बोलते. लिहायचं म्हटलं की हात पुढं सरकत नाही.”

पूर्वतयारीच्या वर्गात पहिल्या रविवारी हे कुणी ना कुणी म्हणायचंच. कधी अंगणवाडीतल्या मदतनीस, कधी एसटीचे वाहक, कधी डाळिंबाच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. बारावी न झालेल्यांनाही पदवीची वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम चालवला. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडच्या एका अभ्यासकेंद्रावर मी त्या वर्गाची समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका, होते. रविवारी सकाळी संपर्कसत्र, म्हणजे समोरासमोरचा वर्ग, बाकी आठवडा ज्याचा त्याने अभ्यास करायचा. शाळा सुटून कुणाला दहा वर्षं झालेली, कुणाला पंचवीस.

या माणसांबरोबर काम करताना परिच्छेद शिकण्याची जी रीत बसत गेली, ती इथे लिहिते आहे. तुम्ही अशाच एखाद्या वर्गाला बसत असाल, किंवा घरात कुणी पुन्हा शिकायला लागलं असेल, तर करून बघा. शंभर पानी वही, पेन्सिल आणि ऐकायला एक माणूस, एवढंच लागतं.

वहीचं डावं पान कच्चं, उजवं पक्कं. डाव्या पानावर खाडाखोड होऊ द्या, बोलीतले शब्द येऊ द्या, ‘पानी’, ‘हाय’, ‘आमी’ येऊ द्या. ही तुमच्या आईची भाषा आहे, ती चूक नव्हे. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहायची असते, ते काम उजव्या पानाचं. पहिल्या वर्षी मी डाव्या पानावरही लाल पेन चालवलं होतं. एका ताईंना वही परत दिली तेव्हा त्यांच्या निळ्या अक्षरांपेक्षा माझं लालच जास्त दिसत होतं. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. घरी गेले तर म्हणाल्या, “एवढं सगळं चुकतंय म्हटल्यावर कशाला यायचं?” त्या दिवसापासून डाव्या पानाला शिक्षकाने हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. तुम्हीही स्वतःच्या डाव्या पानावर पहिल्याच दमात दुरुस्त्या करू नका.

एका प्रश्नाचं उत्तर

परिच्छेद म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर. दोन प्रश्न झाले की दोन परिच्छेद. एवढं धरून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

पॅकिंगला जाणाऱ्या एका ताईंनी ‘माझे काम’ या विषयावर डाव्या पानावर हे लिहिलं होतं :

“मी सकाळी लवकर उठते आणि स्वंयपाक करते आणि मुलाना शाळेत पाठवुन कामावर जाते तिथे डाळींब असतात मालक चांगले आहेत आणि आमी डाळींब निवडतो आणि तेल्या आलेली फळे बाजुला काढतो आणि संध्याकाळी घरी येवून पुन्हा स्वंयपाक करते”

(तेल्या म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग.) शुद्धलेखन बाजूला ठेवा. यात सकाळ आहे, मुलं आहेत, मालक आहे, संध्याकाळही आहे. विषय होता काम, आणि काम मात्र एका ओळीत आटोपलं. मी वही मिटायला सांगितली आणि विचारलं, “ताई, डाळिंब निवडताना तुम्ही नेमकं काय बघता?” त्या सरसावून बसल्या. दोन्ही हात पुढे करून, जणू फळ हातात आहे अशा, फिरवून दाखवायला लागल्या. तीन-चार मिनिटं बोलल्या. शेजारच्या बाकावरच्या वाहकभाऊंनी मध्येच विचारलं, “मोठं असलं आणि डाग असला तर?” त्याचंही उत्तर दिलं. मग मी म्हटलं, “आता बोललात तेवढंच लिहा. सकाळचा स्वयंपाक नको, मालक नको.” उजव्या पानावर जे उतरलं ते असं :

“डाळिंब निवडताना आम्ही आधी साल बघतो, आकार नंतर. सालीवर तेलकट काळा डाग असेल, तर फळ कितीही मोठे असले तरी ते वेगळ्या क्रेटमध्ये जाते. तडकलेल्या फळांचेही तसेच. स्वच्छ फळे उरली की ती वजनाप्रमाणे वेगळी करतो. काटा असतो, पण जुन्या बायकांना फळ हातात घेतल्यावरच अंदाज येतो. देठ लांब राहिला असेल तर तो कात्रीने कापतो, नाहीतर क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो.”

पहिल्या वाक्याने प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलंय. पुढचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे कसं?’ याला उत्तर देतं. शेवटचं देठाचं वाक्य तर मला कधीच सुचलं नसतं, कारण तो हात माझा नाही.

तुम्ही घरी असंच करा. समोर कुणाला तरी बसवा, विषय सांगा आणि त्याला एकच प्रश्न विचारायला लावा. बोला. तो मध्ये जे विचारेल तिथे तुमच्या परिच्छेदात वाक्य हवं आहे, असं समजा. जे ऐकताना त्याचं लक्ष उडालं, ते वाक्य काढा. ऐकणारं माणूस शिकलेलं असायची गरज नाही. एका मावशींनी सासूबाईंना ऐकवून ऐकवून सगळे स्वाध्याय लिहिले, आणि सासूबाई नेमक्या जागी “मग?” म्हणायच्या.

अभ्यासातल्या विषयाला हीच रीत चालते. ‘महात्मा फुले यांचे शैक्षणिक कार्य’ ही टीप लिहायला सांगितली की वर्गातल्या बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य एकच असे : “महात्मा फुले हे एक थोर समाजसुधारक होते.” खोटं नाही, पण या वाक्यानंतर काय लिहायचं ते कुणालाच कळत नाही, कारण त्याने काहीच सांगितलेलं नाही. त्याऐवजी स्वतःला विचारा, त्यांनी केलं काय? “महात्मा फुले यांनी १८४८ साली पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा सुरू केली.” आता पुढची वाक्यं आपणच रांगेत उभी राहतात : शिकवायला कोण होतं? सावित्रीबाई. लोकांनी काय केलं? मुली कशा आल्या? माझा तर आग्रह असायचा की टिपेच्या पहिल्या वाक्यात ‘थोर’, ‘महान’, ‘अनन्यसाधारण’ यांतला एकही शब्द नको. तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात शेवटी उमटला पाहिजे.

क्रियापद आलं की थांबा

आता वाक्य तोडणं. ताईंच्या पहिल्या उताऱ्यात पाच ‘आणि’ आहेत आणि पूर्णविराम एकही नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे शतकानुशतकं मोडी या जुन्या लिपीत लिहिलं गेलं, आणि मोडीत शब्दही तोडत नसत, विरामचिन्हं तर नव्हतीच. पूर्णविराम-स्वल्पविराम मराठीत एकोणिसाव्या शतकात रुळले, त्यात मेजर थॉमस कँडी या मराठीच्या इंग्रज अभ्यासकाचा मोठा वाटा.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे पूर्णविरामाची जागा शोधणं सोपं आहे. पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघ ओढा : उठते, करते, जाते, असतात, आहेत, निवडतो, काढतो, करते. आठ क्रियापदं. प्रत्येकाशी थांबून विचारा, इथे वाक्य संपलं का? संपलं असेल तर टिंब द्या आणि पुढचा ‘आणि’ खोडा. सगळे ‘आणि’ खोडू नका. जिथे दोन कामं एका दमात होतात तिथे तो राहू द्या. कारण सांगायचं असेल तर ‘म्हणून’, अडचण सांगायची असेल तर ‘पण’, अट असेल तर ‘तर’. एवढ्या चार जोडशब्दांवर पहिले तीन महिने छान निघतात.

व्याकरण : दर आठवड्याला एकच

व्याकरण म्हटलं की कर्तरी, कर्मणी, भावे आठवून छातीत धडधडतं. पण तुम्ही म्हणता, ‘मी भात केला’, ‘मी भाकरी केली’, ‘मी पोहे केले’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हाच कर्मणी प्रयोग, आणि यात तुमची आजवर एकदाही चूक झालेली नाही. कानाला येतं ते व्याकरण तुमच्याकडे आहेच. मेहनत घ्यायची ती कानाला न येणाऱ्या गोष्टींवर.

ऱ्हस्व-दीर्घ त्यातलंच. बोलताना ‘पाठवुन’ आणि ‘पाठवून’ यांत फरक कळत नाही. मोडीतही इ-उच्या ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे : १९६२ साली चौदा, १९७२ साली त्यात चारांची भर, असे अठरा. अठरा एकदम पाठ करू नका. आठवड्याला एक घ्या, आणि आपल्याच वहीतल्या शब्दांवर लावा. मी या क्रमाने घ्यायचे.

पहिला आठवडा ‘नी’चा. एक माणूस असेल तर ‘ने’, अनेक असतील किंवा आदर असेल तर ‘नी’, आणि ‘नी’च्या आधी अनुस्वार : मुलाने, मुलांनी, बाईने, बाईंनी, त्याने, त्यांनी. ‘ना’चंही तेच, म्हणून मुलाना नव्हे, मुलांना. हा नियम पहिला घेण्याचं कारण असं, की हा अनुस्वार विसरला तर नुसती चूक होत नाही, माणसाचा मान जातो. ‘सरानी सांगितले’ असं लिहिलेलं मला बघवत नाही.

दुसरा आठवडा ‘ऊन’ आणि ‘वून’. धातूत, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपात, ‘व’ असेल तर ‘वून’ : जेव, जेवून, ठेव, ठेवून, पाठव, पाठवून. नसेल तर ‘ऊन’ : ये, येऊन, जा, जाऊन, खा, खाऊन. ताईंचं ‘येवून’ इथे दुरुस्त होतं.

तिसरा आठवडा शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा. शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ : पाणी, की, कवी, बाजू, गुरू. ‘आणि’ तेवढा ऱ्हस्व, शिवाय ‘परंतु’, ‘तथापि’ असे काही. बाजू दीर्घ, म्हणून बाजूलाही दीर्घच.

चौथ्याला शेवटून दुसरं अक्षर. गरीब, वकील, फूल दीर्घ, पण प्रत्यय लागला की गरिबाला, वकिलाला, फुलाला. शरीर, परीक्षा यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत : शरीराला, परीक्षेला. त्याच आठवड्यात, अनुस्वार असलेलं अक्षर बहुधा ऱ्हस्व : चिंच, कुंकू, डाळिंब. डाळिंब लिहिताना आमचा वर्ग पुढे कधीच चुकला नाही.

मग ‘मी करेल’. हे आता शिकलेल्यांच्या तोंडीही बसलंय. मी करेन, मी येईन, मी जाईन; तो करेल, ती येईल. तसंच ‘माझी मदत कर’ नव्हे, ‘मला मदत कर’. आणि ‘स्वंयपाक’ नव्हे, स्वयंपाक, टिंब ‘य’वर. बोलीत ‘केलं’, ‘गेलं’ म्हणतो, उत्तरपत्रिकेत ‘केले’, ‘गेले’ लिहा. कुणाचं बोलणं अवतरणात देत असाल तर तिथे ‘केलं’ राहू द्या.

तपासायची माझी एक पद्धत आहे. परिच्छेद आधी मोठ्याने वाचा. जिथे दम लागला किंवा जीभ अडखळली, तिथे वाक्य लांबलंय. मग पट्टी घ्या आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत या, एकेक शब्द. सुरुवातीपासून वाचलं की अर्थ ओढून नेतो आणि डोळा चुका ओलांडतो. उलटं वाचलं की शब्द एकटा पडतो आणि ‘मुलाना’ दिसतं. त्या आठवड्याचा नियम सोडून दुसरं काही तपासू नका.

परीक्षेत वेळेचं असं करा. दहा गुणांच्या उत्तराला लिहिण्याआधी दोन मिनिटं द्या आणि कच्च्या पानावर प्रश्न लिहा, तीन किंवा चार. प्रत्येकाचा एक परिच्छेद, मध्ये एक ओळ मोकळी. पेपर संपायच्या आधी दहा मिनिटं पेन खाली ठेवा आणि फक्त तीन गोष्टी शोधा : ‘नी’च्या आधीचा अनुस्वार, ‘ऊन-वून’, आणि क्रियापदानंतर राहिलेला पूर्णविराम. नवीन काही लिहू नका. घंटा होईपर्यंत पट्टी वर सरकवत राहा.