मस्टँगचं ३०२ स्ट्रोक करताय? या चुका टाळा

१९६८ ते १९७० च्या फोर्ड मस्टँगमधलं ३०२ क्युबिक इंचांचं इंजिन उतरवलं की वाद ठरलेला: ३३१ करायचं, ३४७ करायचं, की फोर्डच्याच मोठ्या ३५१ विंडसर इंजिनाचा ब्लॉक आणून थेट ४०८? बहुतेक जण मोठा आकडा बघून स्ट्रोकर किट (लांब स्ट्रोकचा क्रँक, रॉड, पिस्टन) मागवतात. ब्लॉक, हेड, एक्सल यांचा विचार मग बिलं यायला लागल्यावर.

मूळ ३०२ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ३ इंच. बोअर तीस थाऊ (०.०३० इंच) वाढवून ३.२५ चा क्रँक टाकला की ३३१, ३.४० चा टाकला की ३४७. दोघांत फरक फक्त १६ क्युबिक इंचांचा, आणि ब्लॉक दोन्हीकडे तोच. ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास हा जुना ब्लॉक मेन बेअरिंगच्या भिंतींपाशी तडकायला लागतो, मग आत क्रँक कितीही महागाचा असो. ४०० हॉर्सपॉवरवर समाधान असेल तर दोन्हींपैकी काहीही घ्या. ५५० हवी असेल तर ३०२ चा नाद सोडा. विंडसर घेतलात तर त्याचा डेक (ब्लॉकचा वरचा माथा) ३०२ पेक्षा सव्वा इंचाहून जास्त उंच असतो, म्हणून इंजिन रुंदही होतं. शॉक टॉवरच्या (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनच्या खांबांच्या) मध्ये हेडर (एक्झॉस्टचे पाइप) बसतील का, बॉनेट लागेल का, हे आधी मोजा.

३४७ तेल पितं, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. ५.४ इंचांच्या रॉडमुळे पिस्टनची पिन ऑइल रिंगच्या खाचेत शिरते, त्यावरून हा बोभाटा झाला. आता खाचेखाली रिंगला आधार देणारी सपोर्ट रेल येते आणि काम व्यवस्थित चालतं. तरीही धाकधूक असेल तर ५.३१५ चे रॉड घ्या. नवं इंजिन निळा धूर सोडत असेल तर पिनला दोष देण्याआधी इनटेक गॅस्केट आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारा) बघा.

कॉम्प्रेशनचा हिशोब मात्र खरंच चुकतो, कारण तो कोणी करतच नाही. चेंबर, गॅस्केट आणि पिस्टनच्या खाचा मिळून वर ७२ सीसी जागा उरते असं धरा. तीस थाऊ बोअर केलेल्या ३०२ मध्ये एका सिलिंडरचे ६२७ सीसी, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो ९.७. तेच हेड ३४७ वर चढवा: सिलिंडर ७११ सीसीचा, रेशो जवळपास १०.९. लोखंडी हेड आणि अमेरिकन पंपावरचं ९१ ऑक्टेन असेल तर चढावर इंजिन ठोकायला लागतं. लोक इग्निशनचं टायमिंग मागे घेतात आणि ज्या ताकदीसाठी पैसे ओतले तीच घालवून बसतात. पिस्टन मागवतानाच १० सीसी जास्त खोल डिशचे (माथ्यावरच्या खळग्याचे) घेतले असते तर रेशो परत ९.७ वर आला असता.

सगळ्यात महागात पडतं ते बॅलन्सिंग. जुन्या ३०२ च्या पुढच्या डॅम्परवर (क्रँकच्या टोकावरची थरथर शोषणारी चकती) आणि मागच्या फ्लायव्हीलवर २८ आउन्स-इंचाचं वजन असतं; १९८० च्या दशकातल्या ५.० लिटरला (याच ३०२ चं नंतरचं रूप) ५० चं. स्ट्रोकर क्रँक बहुधा २८ साठी बनतो. त्यावर भंगारातून आणलेलं ५० चं फ्लायव्हील लावलं की थरथर सुरू. मग इंजिन माउंट बदला, युनिव्हर्सल जॉइंट बदला, असा खर्च वाढत जातो. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमवर धरा. तिथेही थरथरत असेल तर ड्राइव्हशाफ्टचा संबंध नाही. डॅम्पर आणि फ्लायव्हीलवरचे नंबर तपासा. तशीच चालवत राहिलात तर बेअरिंग खलास. किटच्या खोक्यावर ‘बॅलन्स्ड’ लिहिलेलं असलं तरी सगळे फिरते भाग मशीन शॉपकडे देऊन बॅलन्सिंगचं कार्ड मागून घ्यावं, असं माझं मत.

जोडताना एक पिस्टन बसवून क्रँक हाताने पूर्ण फिरवा. रॉडचा बोल्ट सिलिंडरच्या खालच्या कडेला किंवा पॅन रेलला घासत असेल तर तिथे ग्राइंडर चालवावा लागेल. तो सगळं फिटिंग झाल्यावर चालवता येत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना कार्ब्युरेटरमधून फटाके फुटले तर कॅम कुठला आहे ते विचारा. जुन्या ३०२ मध्ये सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-२-६-३-७-८, पण ३५१ विंडसर आणि ५.० एचओचा (हाय आउटपुट) १-३-७-२-६-५-४-८. कॅम एचओचा आणि वायरी जुन्या क्रमाने, हा घोळ नेहमीचा. डिस्ट्रिब्युटरवर ५ आणि ३ ची अदलाबदल करा, तशीच ४ आणि ७ ची.