मुलाचा दात पडला, दाढ ठणकली : या चुका टाळा

पडलेला दात छपरावर भिरकवायची आपली जुनी रीत दुधाच्या दातापुरती ठीक. पण सायकलवरून आपटलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा समोरचा दात मुळासकट हातात आला, तर तो बहुधा पक्का असतो. तो टाकून देणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण तो पुन्हा बसवता येतो.

मात्र वेळ थोडा असतो. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या धाग्यांच्या जिवंत पेशी मुळावर चिकटलेल्या असतात आणि कोरड्या राहिल्या तर तासाभरात मरतात. म्हणूनच दात रुमालात किंवा टिश्यूत गुंडाळून नेणं चूक. साबणाने, ब्रशने घासून ‘स्वच्छ’ करणं त्याहून वाईट. मुळाला बोट न लावता पांढऱ्या भागाला धरून दात उचला. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद अलगद धुवा. मूल शुद्धीवर आणि शांत असेल, तर दात पुढची बाजू पुढे ठेवून खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. हात थरथरत असतील (बहुतेकांचे थरथरतातच), तर थंड दुधात बुडवून न्या. साधं पिशवीचं दूध चालतं. पाण्यात मात्र ठेवू नका, त्यात त्या पेशी फुगून फुटतात. अर्ध्या तासात डॉक्टर गाठले तर उत्तम, पण तास उलटला म्हणून घरी बसू नका.

दुधाचा दात असेल तर उलटं : तो परत खुपसू नका, वर दडलेल्या पक्क्या दाताच्या कळीला इजा होते. ओळखता येत नसेल तर दात दुधात घालून डॉक्टरांनाच दाखवा. दात सापडलाच नाही, तर तेही सांगा. तो हिरडीत घुसलेला किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

आता ठणकणारी दाढ. हिरडीवर गोळी ठेवल्याने तिथे भाजतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन, म्हणजे डिस्प्रिनसुद्धा, द्यायचंच नाही. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास. लवंगेचं तेल लहान मुलांच्या तोंडात नको. सुजलेल्या गालाला गरम शेक नको, थंड पट्टी ठेवा. गेल्या वेळची उरलेली अँटिबायोटिक तर कपाटातून काढूच नका. आणि ‘पडणाराच दात आहे’ हे वाक्य! दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरली, ताप आला, गिळता किंवा तोंड उघडता येईना, तर दातांचा दवाखाना शोधत फिरू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा. डोक्याला मार लागून उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तरीही तेच. श्वासाला त्रास होत असेल तर १०८ लावा.

रविवारी किंवा रात्री दार बंद दिसलं म्हणून सोमवारची वाट पाहू नका. नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा, नाहीतर जवळच्या दंत महाविद्यालयात किंवा रुग्णालयाच्या अपघात विभागात विचारा. फोनवर आधी सांगायचं ते एवढंच : मुलाचं वय, दात किती वाजता पडला, तेव्हापासून तो कशात ठेवलाय, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी दिलं होतं.